तिन्ही पट्ट्यांवर चांदवडचंच वजन : स्टॅटिक नेमकं कुठे लावायचं?

खळ्यावरचा | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गंगापूर रोडला मित्रांसोबत खोली करून राहतो. मूळ निफाड तालुक्यातला. मामांचं कांद्याचं खळं आहे. लिलाव झाला की ट्रॅक्टर खळ्यावर येतो. आधी भरल्या गाडीचं वजन, माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी करून जे निव्वळ वजन येईल त्यावर हिशोबपट्टी. मामा ती पट्टी अजून हाताने लिहितात. उन्हाळ कांद्याच्या गर्दीत ते आणि दिवाणजी रात्री अकरा-अकरापर्यंत आकडे जुळवत बसलेले मी लहानपणापासून बघतोय. जावा शिकतोच आहे, तर पहिला धड प्रोग्राम त्यांच्यासाठी करायचा असं ठरवलं.

'पट्टी' नावाचा क्लास लिहिला. त्यात गाव, वजन, भाव हे तीन फील्ड (माहितीच्या जागा) आणि त्याच क्लासमध्ये खाली मेन मेथड (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती). मेनमध्ये वजन वापरायला गेलो तर लाल रेघ: 'नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट'. फील्ड स्टॅटिक करा, असं एडिटरनेच सुचवलं. केलं. रेघ गेली. मग तिन्ही फील्डना तेच लावलं. तीन गाड्यांच्या पट्ट्या बनवल्या, लिस्टमध्ये टाकल्या आणि शेवटी एकदम छापल्या. फोनवरून लिहितोय म्हणून कोड मराठीतच उतरवतो:

पट्ट्या.ॲड(न्यू पट्टी("विंचूर", २६.४०, १८५०));
पट्ट्या.ॲड(न्यू पट्टी("निफाड", २२.७५, १७९०));
पट्ट्या.ॲड(न्यू पट्टी("चांदवड", ३१.२०, १९१०));

छापून आलं ते असं:

चांदवड ३१.२० १९१०
चांदवड ३१.२० १९१०
चांदवड ३१.२० १९१०

विंचूरच्या गाडीत ४.८० क्विंटल कुठून वाढले? लिस्टमध्येच काहीतरी गडबड आहे असं समजून दोन दिवस तिथेच शोधत बसलो. त्यात एकेक पट्टी बनवून लगेच छापली तर सगळं बरोबर येतं, त्यामुळे आणखीच गोंधळ. हे मामांच्या हातात दिलं असतं तर कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा हिशोब चुकला असता, हे डोक्यातून जात नाही. कृपया नीट समजावून सांगा.

---

बोरगड | शनिवार, रात्री ९:५२

लिस्टचा काही दोष नाही. दोष 'स्टॅटिक' या एका शब्दाचा आहे. जावा शिकणाऱ्या बहुतेकांचा पाय याच पायरीवर एकदा तरी घसरतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या खळ्यावरच बघ. क्लास म्हणजे पट्टीचा छापील नमुना. 'न्यू' म्हटलं की त्या नमुन्याची एक नवी कोरी पट्टी फाडली जाते. साध्या फील्डची जागा त्या फाडलेल्या पट्टीवर असते. विंचूरच्या पट्टीवर विंचूरचं वजन, निफाडच्या पट्टीवर निफाडचं. दहा पट्ट्या फाडल्या तर वजनाच्या दहा जागा.

स्टॅटिक फील्डची जागा पट्टीवर नसते. ती खळ्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर असते. फळा एकच. क्लास मेमरीत आला की फळा टांगला जातो, पट्टी एकही फाडलेली नसली तरी. तू गाव, वजन आणि भाव तिन्ही फळ्यावर लिहायला लावलेस. विंचूरची गाडी आली, फळ्यावर विंचूर लिहिलं. निफाडची आली, आधीचं पुसून निफाड लिहिलं. चांदवडची आली, तेही पुसलं. शेवटी तुझ्या हातात पट्ट्या तीन आहेत, पण तिन्ही कोऱ्या. छापताना प्रत्येक पट्टी मान वर करून फळ्याकडे बघते आणि तिथे चांदवड आहे.

एकेक करून छापलं तेव्हा बरोबर का आलं तेही यातच कळेल. पुसण्याच्या आत तू फळा वाचत होतास.

आता ती लाल रेघ. मेन स्टॅटिक आहे, म्हणजे ती कोणत्याही एका पट्टीची नाही. तिथे तू नुसतं 'वजन' म्हणालास. कंपायलरला प्रश्न पडला की वजन खरं, पण कोणत्या पट्टीचं? त्या लांबलचक इंग्रजी वाक्यात एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'पहिली.वजन' असं द्यायचं होतं. एडिटरने सुचवलं ते करून तू 'कुठल्याच एका पट्टीचं नाही, सगळ्यांचं मिळून एकच' असं उत्तर दिलंस. कंपायलरचं समाधान झालं, कारण व्याकरणात चूक नाही.

तिन्ही ठिकाणचं स्टॅटिक काढ आणि मेन वेगळ्या क्लासमध्ये ने, म्हणजे हा मोहच होणार नाही.

---

सोमेश्वर | शनिवार, रात्री १०:१५

बोरगड यांच्याशी सहमत. थोडी भर.

मेनच स्टॅटिक का, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा एकही ऑब्जेक्ट (म्हणजे 'न्यू' म्हणून फाडलेली पट्टी) अस्तित्वात नसतो. कुणीतरी पहिली हाक मारायची तर ती ऑब्जेक्टशिवाय मारता यायला हवी, म्हणून स्टॅटिक. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून मेन स्टॅटिक नसली तरी चालते, ऑब्जेक्ट जावा स्वतः बनवते. नवशिक्यांची ही ठेच टाळणं हाही त्यामागचा एक हेतू होता. कॉलेजच्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल तर जुनीच पद्धत.

दुसरं, कन्स्ट्रक्टरमध्ये ('न्यू' म्हटलं की चालतो तो भाग) तू 'धिस.वजन = वजन' असंच लिहिलं असशील, 'धिस' म्हणजे हीच पट्टी. फील्ड स्टॅटिक असूनही जावा ते चालवून घेते, एडिटर फार तर पिवळी रेघ दाखवतो. लाल रेघेइतकंच पिवळ्या रेघेकडेही लक्ष दे. या वेळी खरी बातमी तिच्यातच होती.

---

खळ्यावरचा | रविवार, सकाळी ८:३०

बोरगड दादा, सोमेश्वर दादा, मनापासून आभार. स्टॅटिक काढलं आणि तिन्ही पट्ट्या बरोबर आल्या. फळ्याचं उदाहरण वाचल्यावर रात्रीच उठून करून बघितलं.

आता दोन गोष्टी मला फळ्यावरच्या वाटतात. एक, हमालीचा क्विंटलमागचा दर. तो सगळ्या गाड्यांना सारखाच असतो. दुसरी, पट्टीचा नंबर. मागचा नंबर लक्षात ठेवून पुढचा द्यायचा, म्हणजे तो एकाच ठिकाणी राहायला हवा. या दोन्ही स्टॅटिक केल्या तर बरोबर ना?

---

पांडवलेणी | रविवार, सकाळी ११:०५

मी मुळात हिशोब लिहिणारी. बरीच वर्षं एका व्यापाऱ्याकडे वह्या लिहिल्या, आता अंबडला एका ऑफिसात हिशोबाचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. त्यामुळे मी वहीच्या बाजूने बोलते.

हमालीचा दर स्टॅटिक करू नकोस. आज सगळ्यांना सारखा आहे हे खरं. पण समजा मार्चमध्ये दर ५ रुपये होता आणि मेमध्ये ६ झाला. विंचूरच्या त्या २६.४० क्विंटलची हमाली मार्चच्या पट्टीवर १३२ रुपये. जूनमध्ये तो शेतकरी आला, म्हणाला पट्टी हरवली, दुसरी प्रत काढून द्या. तू जुनी पट्टी उघडून छापलीस. दर फळ्यावरून वाचला गेला, फळ्यावर ६ आहे, हमाली निघाली १५८ रुपये ४० पैसे. शेतकऱ्याला तेव्हा मिळालेले पैसे एक सांगतात आणि तुझी पट्टी दुसरंच सांगते. अशा वेळी समोरच्या माणसाचा विश्वास उडतो, आणि तो पुन्हा बसायला फार वेळ लागतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. फरक २६ रुपयांचाच असतो, पण त्यावरून जुन्या सगळ्या पट्ट्यांवर शंका घेतली जाते.

म्हणून 'आज सगळ्यांना सारखं आहे' आणि 'सगळ्यांचं मिळून एक आहे' या वेगळ्या गोष्टी आहेत. दर सारखा असला तरी तो त्या पट्टीचा दर आहे. पट्टी फाडली त्या क्षणी चालू दर तिच्यावर उतरवायचा आणि तिथेच ठेवायचा. हाताने लिहिताना दिवाणजी तेच करतात. मागच्या पट्टीवरचा दर ते कधी खोडत नाहीत.

मग स्टॅटिक काय करायचं? एका क्विंटलचे १०० किलो. हे मार्चमध्येही १०० आणि जूनमध्येही १००. त्याला स्टॅटिकबरोबर फायनलही लाव.

नंबरबद्दल जाणकार सांगतीलच. मी एवढंच सांगते की ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला कर-बीजकाऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं. पण त्यालाही ओळीने नंबर लागतो, तो १६ अक्षरांच्या आत हवा आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. तुझ्या प्रोग्रामने उद्या ती बिलंही काढायचं ठरवलंस तर नंबरशी खेळ चालणार नाही.

---

बोरगड | रविवार, दुपारी १२:२०

पांडवलेणी ताईंनी दराचं जे सांगितलं ते मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

नंबरचं सांगतो. स्टॅटिक काउंटर पुस्तकात पहिल्याच उदाहरणात असतो: क्लासमध्ये स्टॅटिक 'एकूण', कन्स्ट्रक्टरमध्ये 'एकूण++'. किती ऑब्जेक्ट झाले हे मोजून दाखवायला ठीक. पट्टीचा खरा नंबर त्यावर टाकायचा नाही, कारण फळा टिकतो प्रोग्राम चालू आहे तोवरच. लाइट गेली, मशीन बंद पडलं, पुन्हा चालू केलं की फळा कोरा आणि पुढची पट्टी पुन्हा १ नंबरची. तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे मी तुला सांगायला नको.

उद्या मामांनी दुसऱ्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर ठेवला तर? दोन मशीनवर दोन प्रोसेस (चालू प्रोग्राम), दोन फळे. दोन्हीकडे ४१ नंबर. 'स्टॅटिक म्हणजे एकच' हे एका चालू प्रोसेसपुरतं खरं आहे. नेमकं बोलायचं तर जावात एका क्लासलोडरपुरतं (क्लास मेमरीत आणणारा भाग).

आणि एकाच मशीनवर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी कामं) असतील तरी धोका आहेच. 'एकूण++' दिसायला एक क्रिया आहे, मशीन मात्र तीन करतं. जुना आकडा वाच, एक मिळव, परत लिही. दोघांनी एकाच क्षणी ४० वाचला तर दोघेही ४१ लिहितात. त्यासाठी जावात २००४ पासून ॲटॉमिकइंटिजर आहे, पण तो फक्त ही तिसरी अडचण सोडवतो. पहिल्या दोन तशाच राहतात.

नंबर डेटाबेसकडे सोपव, तो लाइट गेली तरी लक्षात ठेवतो. फक्त एक बघ. पोस्टग्रेस या डेटाबेसची सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारी सोय) वापरलीस आणि पट्टी मध्येच रद्द झाली तर तो नंबर वाया जातो, परत मिळत नाही. मधला नंबर गाळलेला चालत नसेल तर नंबरसाठी वेगळी एक ओळ ठेव आणि पट्टी जतन करण्याच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही असा व्यवहार) ती ओळ लॉक करून एकने वाढव. थोडं हळू चालेल. खळ्यावर दिवसाला जितक्या गाड्या येतात तेवढ्याला पुरून उरेल.

---

रविवार कारंजा | रविवार, दुपारी २:४०

इथे पीएचपीवाले (वेबसाइटसाठीची भाषा) कुणी असतील तर आपलंही थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

पीएचपीत नेहमीच्या मांडणीत प्रत्येक रिक्वेस्ट (ब्राउझरने साइटकडे केलेली मागणी) कोऱ्या पाटीने सुरू होते. रिक्वेस्ट संपली की स्टॅटिक प्रॉपर्टीही गेली. त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षं स्टॅटिक ॲरेमध्ये काहीबाही साठवत आलो आणि कधी बाधलं नाही. पण लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं ऑक्टेन २०२१ मध्ये आलं. त्यात ॲप एकदाच मेमरीत चढतं आणि रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट तेच वापरतं. जुना कोड तसाच उचलून तिथे ठेवला की स्टॅटिक ॲरे फुगत जातो. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या ग्राहकाची माहिती पुढच्याच्या रिक्वेस्टमध्ये शिल्लक राहू शकते. कोडची एक ओळही न बदलता त्याचा अर्थ बदलतो. तसं हलवायच्या आधी आम्ही पूर्ण प्रोजेक्टमध्ये 'स्टॅटिक' हा शब्द शोधून प्रत्येक जागा दोघांनी बसून तपासली. तीन दिवस लागले, पण ते तीन दिवस सार्थकी लागले.

दुसरं 'सेल्फ' आणि 'स्टॅटिक' यातला फरक. समजा 'पट्टी' या क्लासमध्ये 'बनव' ही स्टॅटिक मेथड आहे आणि तिच्यात 'न्यू सेल्फ' लिहिलंय. 'लालपट्टी' हा त्याचा पोटक्लास (त्यातून निघालेला क्लास). 'लालपट्टी'वरून 'बनव' हाक मारली तरी मिळते साधी 'पट्टी', कारण सेल्फ म्हणजे हा शब्द ज्या क्लासमध्ये लिहिलाय तो. 'न्यू स्टॅटिक' लिहिलं तर लालपट्टी मिळते, कारण स्टॅटिक म्हणजे हाक ज्याच्या नावाने मारली तो. ही सोय २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत आली. आणि पोटक्लासने स्टॅटिक प्रॉपर्टी स्वतः पुन्हा जाहीर केली नाही तर ती आईबरोबर (मूळ क्लासबरोबर) सामाईकच असते. लेकीने बदलली की आईचीही बदलते.

---

तपोवन | रविवार, संध्याकाळी ५:१५

हा धागा वाचून फार बरं वाटलं. मी एका कॉलेजात हा विषय शिकवते.

रविवार कारंजा यांनी शेवटी 'सामाईक' शब्द सहज वापरला. माझ्या मते स्टॅटिकला मराठीत तोच शब्द हवा. मुलांच्या हातात फिरणाऱ्या नोट्समध्ये स्टॅटिकचा अर्थ 'स्थिर' असा लिहिलेला असतो आणि तिथून सगळा गैरसमज सुरू होतो. स्थिर म्हणजे न बदलणारं, असं मुलं धरून चालतात. परीक्षेत लिहितातही. न बदलणाऱ्याला जावात फायनल म्हणतात. स्टॅटिक हा शब्द सी भाषेतून आला. तिथे फंक्शनच्या आतलं साधं व्हेरिएबल फंक्शन संपलं की जातं, आणि स्टॅटिक लावलेलं आपल्या जागेवर प्रोग्राम संपेपर्यंत बसून राहतं. जागा स्थिर, आतली किंमत कितीही वेळा बदला. सी++ ने तोच शब्द क्लाससाठी घेतला आणि पुढे जावाने.

सामाईक म्हटलं की आपल्या भागातल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरात सातबारा पाहिलेला असतो. तीन भावांची शेतं वाटून झाली, विहीर सामाईक राहिली. शेत म्हणजे ऑब्जेक्टचं फील्ड, विहीर म्हणजे स्टॅटिक. एका भावाने मोटर लावून पाणी उपसलं की तिघांचं पाणी खाली जातं. म्हणून विहिरीवर पाळी ठरवतात. थ्रेडच्या भाषेत 'सिंक्रोनाइज्ड' म्हणजे ही पाळी. आणि पाळीवरून किती भांडणं होतात तेही मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे शक्य तितकं कमी सामाईक ठेवा हे त्यांचं तेच म्हणतात.

आता स्टॅटिक मेथड. तिला 'धिस' नसतं, कारण ती कुणा एका ऑब्जेक्टची नाही. जावात ती ओव्हरराइड होत नाही, म्हणजे पोटक्लासची मेथड आईच्या मेथडची जागा घेत नाही. पोटक्लासमध्ये त्याच नावाची लिहिली तर ती फक्त आईची झाकते. 'पट्टी' प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये लालपट्टी ठेवली आणि त्यावरून स्टॅटिक मेथडला हाक मारली तर पट्टीचीच मेथड चालते, कारण निर्णय व्हेरिएबलच्या जाहीर प्रकारावरून कंपाइल होतानाच झालेला असतो. त्या व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) असला तरी हाक पोचते, नलपॉइंटरची चूक येत नाही. प्रयोगशाळेत मी हे मुद्दाम करून दाखवते. ऑब्जेक्ट मुळात नाहीच आणि मेथड चालली, हे पाहिलं की मग 'क्लासची मेथड' म्हणजे काय ते मुलांना पटतं.

---

मखमलाबाद | रविवार, रात्री ८:५०

पाळीवरून आठवलं. २०१२ च्या सुमारास पुण्यात नोकरीला होतो. बस तिकिटांची साइट होती. तक्रारी यायच्या की १४ तारखेचं तिकीट काढलं आणि हातात आलं भलत्याच तारखेचं. आमच्या मशीनवर शंभरदा करून बघितलं, एकदाही चूक नाही. तक्रारी फक्त शुक्रवारी संध्याकाळच्या, लोक गावी जायला निघतात तेव्हाच्या.

शेवटी लॉगमध्ये प्रत्येक तारखेशेजारी थ्रेडचं नाव छापायला लावलं. तेव्हा दिसलं की एका थ्रेडने वाचायला दिलेली तारीख दुसऱ्याच्या हातात पडतेय. कारण एक ओळ. कुणीतरी सिंपलडेटफॉरमॅटचा (तारीख वाचणारा-छापणारा जावाचा क्लास) ऑब्जेक्ट 'प्रत्येक वेळी नवा कशाला' म्हणून स्टॅटिक फायनल करून ठेवला होता. फायनल होता, म्हणून सगळ्यांना सुरक्षित वाटला. पण फायनल म्हणजे त्या नावाला दुसरा ऑब्जेक्ट चिकटवता येत नाही एवढंच. ऑब्जेक्टच्या पोटात एक कॅलेंडर असतं आणि तारीख वाचताना ते बदलत राहतं. दोन थ्रेड एकाच वेळी आले की एकाचं वर्ष आणि दुसऱ्याचा दिवस अशी खिचडी.

त्या रात्री प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट बनवायला लावला आणि तक्रारी थांबल्या. पुढे २०१४ मध्ये जावा ८ बरोबर त्याच कामासाठी डेटटाइमफॉरमॅटर आला. तो आतून बदलतच नाही, त्यामुळे तो खुशाल स्टॅटिक ठेवावा.

कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या लग्नाला निघालेली माणसं स्टँडवर उभी राहून चुकीचं तिकीट बघत होती. ते मला अजून आठवतं.

---

चामरलेणी | रविवार, रात्री ९:३०

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. स्टॅटिक फील्ड तर नकोच, स्टॅटिक मेथडही नको. टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहायला त्रास होतो, टेस्टपुरता खऱ्याच्या जागी खोटा ऑब्जेक्ट आत घालता येत नाही. कोटलिन या भाषेने तो शब्दच ठेवला नाही, त्याऐवजी कंपॅनियन ऑब्जेक्ट दिला. काहीतरी विचार करूनच ना?

---

तपोवन | रविवार, रात्री १०:१०

चामरलेणी, टेस्टबद्दल तुमचं बरोबर. जावातल्या टेस्ट चालवणारं जेयुनिट प्रत्येक टेस्टसाठी टेस्टक्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, पण स्टॅटिक फील्ड आधीच्या टेस्टने जसं सोडलं तसंच पुढच्याला मिळतं. एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर नापास, अशी टेस्ट दिसली की मी आधी स्टॅटिक शोधते.

पण मेथडच्या बाबतीत मी सहमत नाही. 'निव्वळ वजन' ही मेथड घ्या. भरलेली गाडी ६१.८०, रिकामी ३५.४०, उत्तर २६.४०. तिला बाहेरचं काही लागत नाही, ती कुठे काही लिहून ठेवत नाही, दोन आकडे घेते आणि एक देते. मॅथ क्लासमधली मॅक्स अशीच आहे. ती वापरायला कुणी मॅथचा ऑब्जेक्ट बनवत नाही, आणि बनवू म्हटलं तरी कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आहे. अशा मेथडची टेस्ट लिहायला काय त्रास? उलट सगळ्यात सोपी तीच.

त्रास कुठे होतो सांगते. 'आजची हमाली' अशी स्टॅटिक मेथड, आणि ती आतल्या आत आजची तारीख विचारते, डेटाबेस उघडते, दर आणते. बाहेरून दिसते साधी, आत अख्खा संसार. तिची टेस्ट मे महिन्यात वेगळी आणि जूनमध्ये वेगळी. तिला तारीख आणि दर बाहेरून द्या, ती लगेच 'निव्वळ वजन'सारखी होते. नुसता स्टॅटिक शब्द काढून तिचा त्रास जाणार नाही.

---

चामरलेणी | रविवार, रात्री १०:३५

'आत अख्खा संसार' हे पटलं. आमच्याकडे त्रास देणाऱ्या सगळ्या त्याच जातीच्या आहेत. मत बदलतो: बाहेरचं काही न विचारणारी मेथड स्टॅटिक असायला हरकत नाही.

---

अंजनेरी | सोमवार, सकाळी ९:२०

पायथन शिकतेय. क्लासच्या अंगात लिस्ट लिहिली आणि प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये सगळ्यांचा माल दिसतोय. पण तिथेच लिहिलेला आकडा मात्र 'सेल्फ' (पायथनमध्ये तो ऑब्जेक्ट स्वतः) लावून वाढवला तर ज्याचा त्याचा वेगळा राहतो. एकाच ठिकाणी लिहिलेल्या दोन गोष्टी वेगळ्या का वागतात? मी तर स्टॅटिक शब्द कुठेच लिहिलेला नाही.

---

बोरगड | सोमवार, सकाळी १०:०५

पायथनमध्ये क्लासच्या अंगात थेट लिहिलेलं ते सामाईकच, वेगळा शब्द लागत नाही. लिस्टमध्ये तू अपेंड केलंस, म्हणजे सामाईक लिस्टच्या आतच भर घातलीस. आकड्याला 'सेल्फ.संख्या += १' केलंस. उजवीकडे त्याने क्लासचा आकडा वाचला, एक मिळवला आणि उत्तर ठेवताना त्या ऑब्जेक्टवर त्याच नावाची नवी जागा केली. तिथून पुढे तो ऑब्जेक्ट आपलीच जागा बघतो. प्रत्येकाची लिस्ट वेगळी हवी असेल तर ती इनिटच्या (पायथनचा कन्स्ट्रक्टर) आत बनव, आणि आकडा खरंच सामाईक हवा असेल तर सेल्फऐवजी क्लासचं नाव घेऊन वाढव.

---

खळ्यावरचा | पुढचा रविवार, रात्री ८:४०

सगळ्यांना सांगायचं होतं. शनिवारी घरी गेलो आणि त्या दिवशीच्या अकरा गाड्यांच्या पट्ट्या हाताने आणि प्रोग्रामवर अशा दोन्ही केल्या. मामा एकेक पट्टी शेजारी ठेवून बोटाने आकडे तपासत होते. वजनं अकराच्या अकरा जुळली. रक्कम एका ठिकाणी एक पैशाने चुकली, कारण मी डबल वापरला होता, त्यात दशांश आकडे काही वेळा जवळपासचेच राहतात. आता वजन पूर्ण किलोत आणि पैसे बिगडेसिमलमध्ये (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) ठेवलेत.

हमालीचा दर पट्टीवरच जतन होतो. पांडवलेणी ताई, तुमचं उदाहरण मामांना सांगितलं तर ते उठले आणि कपाटातून जुन्या पट्टीबुकांचा गठ्ठाच काढून आणला. प्रत्येकावर त्या त्या दिवसाचा दर, कुठेही खाडाखोड नाही. नंबर डेटाबेसमधून येतो. मी मुद्दाम मधेच मशीन बंद करून पाहिलं, पुढची पट्टी पुढच्याच नंबरची आली. 'निव्वळ वजन' ही स्टॅटिक मेथड आहे, १०० किलोचा क्विंटल स्टॅटिक फायनल आहे, आणि बाकी कुठेही तो शब्द नाही.

मामांनी एक नवं काम दिलंय. एकाच गाडीत वरचा माल आणि गोल्टी (बारीक कांदा) वेगवेगळी येते, दोघांचे भाव वेगळे, तर पट्टीवर दोन ओळी पाहिजेत. म्हणजे आता प्रत्येक पट्टीत ओळींची लिस्ट लागेल. ती लिस्ट पट्टीच्या कन्स्ट्रक्टरमध्येच बनवतोय, प्रत्येकीची आपापली.